कोर तुटलेला उजेड

१

दुपारचं जेवण झालं की मी गॅलरीत पत्र्याचा डबा उघडून बसतो. डब्यात सोल्डरची गन, चिमटा, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले जाड सेल आणि लोकांनी टाकून दिलेल्या टॉर्च. थेरगावात आमच्या गल्लीत टॉर्च बिघडली की ती चिमाजीकाकांकडे येते. मी सातवी शिकलो. बाकीचं हातांनी शिकलो.

त्या आठवड्यात डब्यात परक्याची टॉर्च नव्हती, माझ्या मुलीची होती. विजयश्री महाळुंग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेस असतात, त्यांच्याखाली खोल खड्डे असतात, त्यात ती उतरते. मीही त्याच कंपनीत तेच काम केलं. तिनं कंपनीची टॉर्च माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "बाबा, ह्यात खाली काही धड दिसत नाही. तुमच्या हातची बनवून द्या."

ती टॉर्च पाहिली आणि माझं डोकं तापलं. नऊ वर्षांपूर्वी आम्हाला दिलेली तीच. मशीनं बदलली, साहेबांच्या गाड्या बदलल्या, खाली उतरणाऱ्याची टॉर्च तीच. नळी जाड, चांगली; आतली एलईडीची चिप मात्र कचरा. निळसर पांढरा उजेड पडतो. डोळे दिपतात आणि दिसत काही नाही.

नळी ठेवून चिप बदलायची ठरवली. बुधवार पेठेतून तीन तऱ्हेच्या चिपा आणल्या. जोंधळ्याच्या दाण्याएवढी एकेक चिप, तांब्याच्या चकतीवर बसवलेली. दुकानदार पहिलीच घ्या म्हणत होता. "काका, हिच्याइतका उजेड कुणाचा नाही. ही तिसरी पिवळसर आहे, मंद आहे. हिच्यात फक्त रंग खरे दिसतात. फोटोवाले नेतात." मी तिन्ही घेतल्या.

आमच्या बाथरूमला खिडकी नाही. दार लावलं की भर दुपारी काळोख. तिथं पाटावर कागद पसरला, त्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि शेजारी चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून ठेवलं. पहिली चिप लावली. कुंकू काळपट, मळकं दिसलं. तेलाशेजारी आणखी एक तेलाचा डाग असावा तसं. दुसरीत थोडं बरं. तिसरी लावली आणि कुंकू लाल झालं. तेल तेल दिसलं.

"काय करायलाव आत? आणि माझं कुंकू कुणी सांडलं?" माझी बायको इंदू दारात उभी होती.

"ह्यातली कुठली चांगली, सांग."

तिनं तिन्ही पाहिल्या. "पहिली. झगझगीत हाय. ही तिसरी म्हंजी देवघरातला बल्बच की."

"मंद असू दे. खोटं बोलत नाही."

"चिप बोलती व्हय आता?" म्हणून ती हसत गेली. मला हसू आलं नाही. एक डाग तेलाचा समजून आम्ही पाच माणसं किती वेळ त्याच्याभोवती उभे होतो, ते तिला माहीत नाही.

२

चिपेवर पाण्याच्या थेंबासारखा पारदर्शक फुगवटा असतो. तो ब्लेडनं सपाट कापला की उजेड पसरत नाही, लांब जातो. काम नाजूक. माझा हात आता थरथरतो. ब्लेड घसरलं आणि फुगवट्याची एक कड निघाली. सर्किटला जोडून भिंतीवर उजेड मारला तर गोलाच्या खालच्या डाव्या बाजूला एक कोर तुटलेली. भाकरीचा कुणी घास घ्यावा तशी.

दुसरी चिप आणावी असं मनात आलं. मग वाटलं, राहू दे. असा उजेड दुसऱ्या कुणाकडं नसेल. खड्ड्यातून दिसला तर माझ्या पोरीचा म्हणून ओळखता येईल.

टॉर्च बंद करून पुन्हा एकदा बाथरूममध्ये तपासली. बटण दाबलं, सोडलं. समोरच्या फरशीवर पिवळसर गोल पडला, गेला. मी निघालो.

"दोनदा कशाला लावलाव?" इंदू बाहेरून म्हणाली. "सेल संपतील की."

"एकदाच लावली."

"दोनदा लावली. एकदा लावली, मग जरा थांबून परत एकदा. दाराच्या फटीतून दिसलं मला."

मी बटण उघडून पाहिलं. आतली पत्ती घट्ट होती. सोल्डर चकचकीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझं झालंय, इंदूचं नाही. तरी मी स्वतःला समजावलं की तिला भास झाला. माणूस एखादी गोष्ट मनावर घ्यायची नाही असं ठरवतो, तसं मी ठरवलं.

विजयश्री पहिल्या शिफ्टवरून आली. हातपाय धुऊन चहा घेताना तिनं टॉर्च उचलून भिंतीवर मारली.

"बाबा, ही कोर अशी का?"

"हात हलला माझा."

"छान आहे. चंद्र वाटतो." तिनं टॉर्च बंद केली. "एक विचारू? चार नंबरच्या खड्ड्यात तुम्हाला कधी आपलाच उजेड परत आलेला दिसला होता?"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"आपण टॉर्च मारून बंद करतो. मग जरा वेळानं पलीकडच्या भिंतीवर उजेड दिसतो. पत्र्याचे तुकडे चमकत असतील म्हणा. पोरं चेष्टा करतात. प्रेस चालू करायच्या आधी ओरडतात, लक्ष्मणराव, करू का चालू? आणि उजेड आला की म्हणतात, हो म्हणाले."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच. बाबा, तुम्ही रागावलात?"

"कुलूप लावता का उतरताना?"

"कुलपं कुठली आता? सेन्सर आहेत. पॅनलवर हिरवा दिवा लागला म्हणजे खड्डा रिकामा."

"सेन्सर कुठल्या शिडीला?"

"पुढच्या. मागच्या शिडीचा जळलाय. लिहून दिलंय दोनदा."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दिवाळीला ती कायम होणार होती. तीन वर्षं ठेकेदाराच्या नावावर राबली होती. तिच्या फाइलवर सही व्हायची होती. अशा वेळी बापानं तोंड उघडू नये एवढं मला कळत होतं. गजाला धरलेला हात मात्र दुखेपर्यंत मी सोडला नाही.

३

आमच्या काळी खाली उतरायची रीत होती. प्रत्येक फिटरचं स्वतःचं पितळी कुलूप. उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. जितकी माणसं खाली तितकी कुलपं वर. शेवटचा माणूस वर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर कुणाचा बापही प्रेस चालू करू शकत नव्हता. माझ्या कुलपावर सत्तावीस नंबर होता.

मग कुणीतरी हिशेब मांडला की कुलपांपायी दर शिफ्टला चाळीस मिनिटं जातात. कुलपं जमा केली. मी माझं दिलं नाही, हरवलं म्हणून सांगितलं. तेवढंच काय ते मी कंपनीशी खोटं बोललो.

कुलपं गेली, टॉर्चचे इशारे राहिले. शेडमध्ये आवाज इतका की हाक ऐकू जात नाही. वरच्यानं खड्ड्यात एकदा टॉर्च मारायची, म्हणजे विचारायचं. खालच्यानं एकदा मारली तर, मी आत आहे, थांबा. वरच्यानं मग परत एकदा मारायची, म्हणजे कळलं, थांबतो. ही पोच आली नाही तर खालचा पुन्हा मारणार. आणि माणूस मागच्या शिडीनं वर पोचला की तिथून खाली लागोपाठ दोनदा मारणार. त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तो पुढून दिसतो. दोन म्हणजे मी बाहेर, चालू करा.

लक्ष्मणराव महाळुंग्याचेच. शेड उभी आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या घरचा होता. आम्ही वीस वर्षं जोडीनं काम केलं. उतरताना ते नेहमी म्हणायचे, "तुमी हाय न्हवं वर, चिमाजीराव? मग मला कशाचं भ्या?"

नऊ वर्षांपूर्वी, सकाळी साडेअकराला, ते चार नंबरखाली उतरले. मी वर होतो. मी एकदा टॉर्च मारली. भिंतीवर उत्तर आलं. मागून सुपरवायझर ओरडला, "चिमाजी, काय म्हणतो खड्डा?" उत्तर मी पाहिलं होतं. दोन. मी हात वर केला. प्रेस सुरू झाली.

थोड्या वेळानं, खालचे तुकडे बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरून ओला पत्रा बाहेर येऊ लागला. त्या निळ्या टॉर्चच्या उजेडात आम्ही पाचजण म्हणत होतो की तेलाची नळी फुटली. कुणीतरी बोट लावून पाहिलं.

चौकशीत मी सांगितलं, दोनदा उजेड आला. शपथेवर सांगितलं. कागदावर लिहिलं गेलं की मयतानं स्वतः चुकीचा इशारा दिला. मी सही केली. त्या सुपरवायझरनंही केली. तो आज कंपनीचा मोठा साहेब आहे.

त्या दिवसापासून मी कंपनीवर रागावलो, पण कंपनीपेक्षा जास्त लक्ष्मणरावांवर रागावलो. बाहेर नव्हतात तर दोनदा का मारलीत? वीस वर्षं जोडीनं काम केलं आणि मला हे करायला लावलंत? त्यांच्या बायकोकडे, विमलबाईंकडे, मी नऊ वर्षांत गेलो नाही. वाटेत दिसल्या तर रस्ता बदलला. इंदूला, विजयश्रीला एवढंच माहीत की अपघात झाला. वर कोण होतं हे मी घरात कधी सांगितलं नाही.

४

खंडेनवमीला कंपनीत मशीनांची पूजा असते. त्या दिवशी काम बंद, घरच्यांना बोलावणं. मी निवृत्त झाल्यापासून एकदाही गेलो नव्हतो. यंदा विजयश्री म्हणाली, "बाबा, चला. माझं काम बघा तरी." मी टॉर्च तिच्या खिशात ठेवली. माझी जुनी कंपनीची टॉर्च माझ्या खिशात घातली आणि ट्रंकेतून सत्तावीस नंबरचं कुलूप काढलं. त्या दिवशी लोक पाना, हातोडा पूजेला ठेवतात. मी कुलूप ठेवलं. त्यावर हळद-कुंकू पडलं.

शेड धुऊन काढली होती. प्रेसना झेंडूच्या माळा, खांबांवर कुंकवाचे पट्टे. स्पीकरवर गाणी इतक्या मोठ्यानं की शेजारच्याच्या कानात बोलावं लागत होतं. विजयश्रीच्या प्रेसच्या ओळीचा इंजिनिअर रविराज, कोवळा पोरगा, हसतमुख. येऊन माझ्या पाया पडला.

"काका, यंदा पूजेनंतर प्रेसचा पहिला स्ट्रोक तुमच्या हातून. मोठ्या साहेबांनी स्वतः सांगितलंय. सगळ्यात जुना माणूस म्हणून."

"कुठल्या नंबरवर?"

"चार. पत्र्याचा नवीन साचा तिथंच बसवलाय. गाड्यांच्या कंपनीचे पाहुणेही आलेत बघायला."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की चार नंबरखालचा पट्टा अडकलाय, पत्र्याचा तुकडा बसलाय. रविराजनं घड्याळ पाहिलं आणि माझ्या मुलीकडं पाहिलं.

"विजयश्री, पटकन. पाच मिनिटांचं काम आहे. साहेब नारळ घेऊन निघालेत."

"आज पूजेला कशाला उतरवता तिला?" मी म्हणालो.

"काका, तुमचीच मुलगी आहे. दोन मिनिटांत करेल."

"मग मी स्विच पाडून कुलूप लावतो."

तो हसला. "काका, ते जुनं झालं. सेन्सर आहेत आता."

"मागच्या शिडीचा जळलाय."

त्याचं हसू जरा कमी झालं. त्यानं विजयश्रीकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. "बरं, लावा. पूजेचं कुलूप समजू. पण लगेच काढायचं हं."

मी मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली आतल्या खिशात ठेवली. विजयश्रीनं टॉर्च लावून प्रेसच्या अंगावर मारली. पिवळसर गोल, खाली डावीकडं कोर तुटलेली. माझ्याकडं पाहून हसली. टॉर्च बंद करून खिशात घातली आणि पुढच्या शिडीनं उतरली.

५

खड्ड्याचं तोंड तसंच होतं. थंड, तेलकट वास. मी गुडघ्यांवर बसलो. स्पीकरमुळं खालचं काही ऐकू येत नव्हतं. "विजे!" मी हाक मारली. माझी हाक माझ्याच कानापर्यंत आली नाही.

पाच मिनिटं झाली. सात झाली. रविराज मागं येरझाऱ्या घालत होता. "विचारा ना, काका."

मी जुनी टॉर्च काढली. निळा उजेड एकदा खाली मारला, बंद केला.

काळोख. मग पलीकडच्या भिंतीवर उजेड पडला. पिवळसर. कोर तुटलेली. गेला.

एक. ती आत आहे.

"चिमाजी, काय म्हणतो खड्डा?"

आवाज अगदी पाठीशी. मोठे साहेब, हातात नारळ, कपाळाला टिळा. नऊ वर्षांत आवाज तसूभर बदलला नव्हता. मी मान वळवली. किती वेळ? नारळाची शेंडी पाहिली, त्यांच्या मागचे पाहुणे पाहिले, एवढाच. मान परत खाली फिरवली तेव्हा भिंतीवर उजेड पुन्हा पडत होता. गेला.

"दोन!" रविराज ओरडला. "झालं, साहेब. बाहेर आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात खड्ड्याच्या कडेला चिकटून राहिला. मी उठेना. आपल्याला का उठवत नाही ते मला अजून कळलं नव्हतं. छातीत काहीतरी मोजणी चालू होती आणि ती जुळत नव्हती.

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकलो. विजयश्री. कोपरापर्यंत काळी, घामाघूम, धडधाकट. मागच्या शिडीनं वर येऊन प्रेसला वळसा घालून आली होती.

"झालं, बाबा. तुकडा निघाला."

मी तिचा हात धरला. गरम होता. बोटं मोजली असती तर लोक हसले असते, म्हणून मोजली नाहीत.

"टॉर्च कुठाय?"

तिचा चेहरा पडला. "रागावू नका. उतरतानाच खिशातून निसटली, पत्र्याच्या ढिगात गेली. सगळं काम मोबाइलच्या उजेडावर केलं. नंतर शोधून काढते."

"आत्ता तू उत्तर दिलंस ना? दोनदा?"

"कशानं देऊ? मी वरच येत होते."

"पडली तेव्हा चालू होती?"

"बंद होती. तुमच्यासमोरच तर बंद केली."

रविराजनं ऐकलं. "लूज कॉन्टॅक्ट, काका. घरी बनवलेली वस्तू. पडली, आपटली, आपोआप लुकलुकतेय." त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. "चला, कुलूप काढा."

मला ते पटायला हवं होतं. हात माझा थरथरतो, कोर माझ्याच हातून तुटली. पत्ती सैल झाली असेल. ढिगात पडलेली टॉर्च हलत्या पत्र्यानं लागत असेल, विझत असेल. मी किल्लीसाठी खिशात हात घातलाही.

पण ढिगात पडलेल्या टॉर्चचा उजेड भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर कसा पडेल? ती कुणीतरी हातात धरलेली असायला हवी.

मी पुन्हा खाली पाहिलं.

भिंतीवर उजेड पडला. गेला. मी मनात मोजू लागलो. चांगले दहा आकडे मोजून झाले. पुन्हा पडला. गेला. पुन्हा तेवढाच काळ. पुन्हा एकदा.

ते दोन नव्हते. तीनही नव्हते. एक होता, आणि पोच आली नाही म्हणून पुन्हा एक, आणि पुन्हा एक. मी आत आहे. थांबा. मी आत आहे.

इंदूनं दाराच्या फटीतून पाहिलेलं मला आठवलं. एकदा लावली, मग जरा थांबून परत एकदा. आणि नऊ वर्षांपूर्वीची सकाळ आठवली, जशी झाली होती तशी. पहिला उजेड आला. मागून हाक आली. मी मान वळवली. पोच दिली नाही. दुसरा उजेड आला, आणि मी दोन मोजले.

लक्ष्मणरावांनी चुकीचा इशारा दिलाच नव्हता.

६

"चिमाजी, किल्ली." मोठ्या साहेबांनी हात पुढं केला. "पाहुणे थांबलेत."

"खाली माणूस आहे."

"कोण? तुझी मुलगी तर इथं उभी आहे. सगळे वर आहेत, मोज हवं तर."

"मी एकदा मोजलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही मागं उभे होतात."

त्यांचा चेहरा आकसला. ते रविराजच्या कानात काहीतरी बोलले. रविराज माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, प्लीज. विजयश्रीची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. आज तमाशा नको. तिच्यासाठी तरी."

मी तिच्याकडं पाहिलं. तीन वर्षं ती पहाटे पाचला उठली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खड्ड्यात. तिलाही भिंतीवरचा उजेड दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "तेव्हा वर कोण होतं?"

"मी होतो."

ती चालत मेन स्विचपाशी गेली आणि कुलपाला पाठ लावून उभी राहिली. कुलपावरचं कुंकू तिच्या शर्टाला लागलं.

"ग्राइंडर आणा रे, कुलूप कापा," मोठे साहेब म्हणाले. "बायाबापड्यांचे खेळ चाललेत इथं."

गाणी कुणीतरी बंद केली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये ग्राइंडरची वायर फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज तेवढा येत होता. ग्राइंडरवाला विजयश्रीच्या समोर येऊन थांबला. "ताई, बाजूला व्हा." ती हलली नाही.

मला राग आला. आजवर मी त्याला वेगळं काहीतरी समजत आलो होतो. दुःख म्हणत होतो, वय म्हणत होतो. तो राग होता. चाळीस मिनिटं वाचवणाऱ्यांचा, निळ्या टॉर्च देणाऱ्यांचा, मेलेल्याच्या नावावर चूक लिहिणाऱ्यांचा आणि त्यावर सही करणाऱ्या माझा. नऊ वर्षं मी तो चुकीच्या माणसावर काढला होता. तो माणूस खाली उभा राहून अजून सांगत होता आणि ही पोरं वरून त्याला विचारत होती, करू का चालू.

मी खड्ड्याशी बसलो. जुनी टॉर्च काढली. निळा उजेड खाली मारला. एकदा.

कळलं. थांबतो.

भिंतीवरचा गोल लागला आणि ह्या वेळी विझला नाही. जरा वेळ जागीच राहिला. मग हलला. भिंतीवरून खाली सरकला, ढिगावरून, तेलाच्या डबक्यावरून, हळूहळू, थकल्या माणसाच्या चालीनं, पुढच्या शिडीकडं आला.

शिडीला हादरा बसला. तो मला तळहाताला जाणवला. मग आणखी एक, वरच्या पायरीवर.

ग्राइंडरवाल्यानं तोही ऐकला असावा. त्यानं यंत्र खाली ठेवलं. रविराज माझ्यामागून वाकला आणि वाकलेलाच राहिला.

माझ्या निळ्या उजेडात खालून चौथ्या पायरीवर एक पंजा दिसला. काळा. तेलानं माखलेला, मेंटेनन्सच्या माणसाचा असतो तसा. लूज कॉन्टॅक्ट, मी मनात म्हणालो. खरंच म्हणालो. मग खालचा उजेड वर कलला, कोर तुटलेला, मंद, पिवळसर, आणि त्या पंज्यावर पडला.

मी निवडलेली चिप खोटं बोलत नाही. तो पंजा लाल होता.

मी टॉर्च विझवली नाही आणि मानही वळवली नाही. पाठीशी मोठे साहेब काहीतरी विचारत होते, खड्डा काय म्हणतो म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन भिडला.

"कुलूप निघणार नाही, साहेब. आमचा माणूस वर येतोय."